सरकार कमी केलं तर गाव चालेल का? स्वतंत्रतावादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात दर रविवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण समाजमंदिरात बसून काहीबाही वाचतो. वाचता वाचता गाडी ‘सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावं’ या वाक्यावर येते आणि मग आठवडाभर प्रश्न सुरू राहतात. व्हॉट्सॲपवर, पानठेल्यावर, एकदा तर मयतीहून परतताना. तेच ते प्रश्न असल्याने एकदाच लिहून काढले. मी शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावणाऱ्या घरात वाढलो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते कळेलच.

१. हे ‘लिबर्टेरियन’ म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणायचं?

मराठीत स्वतंत्रतावाद म्हणतात. माझं शरीर माझं, माझ्या घामाचं पीक माझं, आणि दुसऱ्याच्या अंगाला वा मालाला हात न लावता मी काय करायचं ते मी ठरवणार, एवढाच त्याचा गाभा. सरकारच्या हातात दंडुका असावा तो चोरी, मारहाण आणि फसवणूक रोखण्यापुरता. काय पेरायचं, कोणाला विकायचं, काय खायचं यासाठी तो उगारायचा नाही.

उदारमतवाद आणि हे एकच नाही. उदारमतवादी माणूस सरकारने शाळा, दवाखाने, पेन्शन चालवावं असंही म्हणू शकतो. आणि ‘कारखानदाराला सवलती द्या’ म्हणणारा तर स्वतंत्रतावादी मुळीच नव्हे. सवलत कारखान्याची असो की वावराची, ती दुसऱ्या कोणाच्या खिशातून सक्तीने काढलेली असते. (हे वाचून तुम्ही मला पीएम किसानबद्दल विचारणार. प्रश्न १५ पाहा.)

२. म्हंजे सरकारच नाई पाहिजे का भाऊ?

या विचाराची दोन घरं आहेत. एका घरातले, उदाहरणार्थ अमेरिकेचे मरे रॉथबार्ड, म्हणतात सरकार अजिबात नको. पोलीस आणि न्यायसुद्धा बाजारात मिळेल. दुसऱ्या घरातले, त्यात रॉबर्ट नोझिक, म्हणतात रात्रीच्या पहारेकऱ्याएवढं सरकार पुरे.

आपल्याकडे त्याला जागल्या म्हणता येईल. हरभऱ्याच्या दिवसांत चार-पाच वावरं मिळून एक जागल्या ठेवतो. तो चोर आला तर ओरडतो, जनावर आलं तर डबा वाजवतो. काय पेरायचं ते तो सांगत नाही, माल कोणत्या बाजारात न्यायचा तेही नाही. आता पाच वावरवाल्यांपैकी एकाने पैसे द्यायला नकार दिला तर? जागल्या ओरडला की त्याचंही पीक वाचतंच. त्याच्याकडून बळजबरीने वसूल केलं की तो कर झाला, सोडून दिलं की पुढच्या वर्षी तिघं नकार देतात. दोन्ही घरांचं भांडण याच ठिकाणी आहे. मी दुसऱ्या घरातला आहे. जागल्यापुरता कर मी देईन.

३. हे परदेशी खूळ आपल्याकडे कशाला?

परदेशी म्हणावं तर सेवाग्राम आणि पवनार कुठे आहेत? राज्यसंस्था म्हणजे एकवटलेली, संघटित हिंसा, असं गांधीजींनी १९३४ साली निर्मलकुमार बोस यांच्याशी बोलताना म्हटलं होतं. विनोबा तर शासनमुक्त समाजाची भाषा शेवटपर्यंत करत राहिले. दोघांना मालमत्तेबद्दल आणि बाजाराबद्दल जे वाटत होतं ते स्वतंत्रतावाद्याला पटणार नाही, पण सक्तीचा तिटकारा तोच.

आर्थिक बाजूने बघाल तर १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्या बी. आर. शेणॉय यांनी असहमतीची टिप्पणी लिहिली. १९५९ मध्ये राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्ष काढला. ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्द त्यांचा. १९६७ च्या लोकसभेत या पक्षाचे ४४ खासदार होते, आणि १९७४ मध्ये पक्ष विसर्जित झाला. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत कोरडवाहू शेतकऱ्याला हा विचार त्याच्या भाषेत सांगितला. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला.

४. जगात कुठे जमलंय का हे?

पूर्ण? कुठेच नाही. आइसलंडमध्ये इ. स. ९३० ते १२६२ राजा नव्हता, अंमलबजावणी करणारं सरकारही नव्हतं. निवाडा लोकांच्या सभेत व्हायचा आणि तो अमलात आणायची जबाबदारी फिर्यादीचीच. तीनशे वर्षं चाललं, मग मोजकी घराणी बलाढ्य झाली, आपसांत लढली आणि शेवटी नॉर्वेच्या राजाला शरण गेली. होंडुरासमध्ये २०१३ च्या कायद्याखाली रोआतान बेटावर ‘प्रोस्पेरा’ नावाचं जवळपास स्वतःच्या नियमांचं शहर उभं राहू लागलं. २०२२ मध्ये कायदा रद्द झाला आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सरकारच्या कृपेने मिळालेलं स्वातंत्र्य सरकार बदललं की जातं.

तुकड्यातुकड्याने मात्र जमलंय. न्यूझीलंडने १९८४ मध्ये शेतीची अनुदानं जवळजवळ एका झटक्यात काढली. शेतकरी देशोधडीला लागतील असं भाकीत होतं. शेती सोडणारे फारच थोडे निघाले, मेंढ्या कमी झाल्या, दूध आणि वाइन वाढली. अर्जेंटिनात हाविएर मिलेई डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा महिन्याची महागाई २५ टक्के होती, वर्षभरात ती ३ टक्क्यांच्या आत आली. त्याच काळात गरिबी आधी ५३ टक्क्यांवर चढली आणि मग ३८ वर उतरली. त्या मधल्या सहा महिन्यांत ज्याची चूल विझली त्याला हा आकडा दाखवून काय सांगणार, हे मला माहीत नाही.

५. आपल्या डोळ्यांदेखत यातलं काही झालंय का?

झालंय, आणि विदर्भातच झालंय. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. पुढच्या वर्षीपासून कापूस सरकारलाच विकायचा, व्यापाऱ्याला नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू वाईट नव्हता. व्यापारी लुटायचा हे खोटं नव्हतं.

मी सहावीत असताना बापासोबत बंडीवर बसून एका केंद्रावर गेलो होतो. रांगेत दोन रात्री काढल्या. बंडीखाली शेकोटी पेटवायची तर वर कापूस, म्हणून कुडकुडत कापसातच खड्डा करून झोपलो. तिसऱ्या दिवशी ग्रेडर आला. त्याने बंडीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून बोटांत ताणला आणि काही न बोलता चिठ्ठीवर प्रत लिहिली. बाप ‘साहेब, खालचाबी पाहा नं’ म्हणत मागे चालत राहिला. साहेब पुढच्या बंडीवर. चुकारा उन्हाळ्यात आला, तोही निधीच्या नावाने कपात करून. तोवर बियाण्यासाठी सावकाराचे पैसे घेऊन झाले होते.

पैनगंगेकाठची मंडळी रात्री नदी ओलांडून कापूस आदिलाबादला न्यायची. आपल्याच वावरातला आपलाच कापूस, आणि नेताना चोरासारखं! शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. आज माझा पोरगा कापूस जिनिंगवर नेतो, पटला नाही भाव तर परत आणतो. परत आणता येणं ही काय चीज आहे हे त्याला कळत नाही, आणि त्याला ते कळण्याची गरज पडू नये.

काटा मारणं गेलं का? नाही. कटती लावणारा, म्हणजे वजनातून मनमानी कापणारा व्यापारी अजून आहे. वजनकाट्यावर डोळा ठेवणं हे जागल्याचंच काम, आणि ते सरकार धड करत नाही.

६. बाजार मोकळा झाला तं कापसाचे भाव काहून पडते? अन् बाहेरचा कापूस येऊ द्यायचा का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, विशेषतः २०२५ नंतर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याचा हंगाम. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या बराच खाली.

स्वतंत्रतावादाचं सरळ उत्तर आहे: आयात मोकळी असावी. पण मग निर्यातही मोकळी पाहिजे. २०१२ च्या मार्चमध्ये भाव चढू लागले तेव्हा निर्यातबंदी कोणी घातली? भाव वर जातो तेव्हा दार बंद, खाली जातो तेव्हा दार उघडं. वर ब्राझीलच्या शेतकऱ्याला जे बियाणं मिळतं ते आपल्याला पेरायला बंदी (प्रश्न ९). एका बाजूने बांधलेल्या पैलवानाला खुल्या कुस्तीत उतरवायचं आणि हरला की ‘पाहा, खुली कुस्ती वाईट’ म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

हमीभावाचं विचाराल तर मी चिडतो, कारण आमच्याच मंडळात ‘बाजार मोकळा करा’ आणि ‘हमीभावाचा कायदा करा’ या दोन्ही घोषणा एकाच तोंडातून निघतात. शरद जोशींचा मुद्दा ‘उणे सबसिडी’चा होता: निर्यातबंदी, लेव्ही (सक्तीची वसुली), साठामर्यादा यांनी सरकार शेतकऱ्याकडून जेवढं काढतं ते देण्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा आधी काढणं थांबवा. भाव सरकारने ठरवावा ही मागणी त्याच्या पुढची आणि उलट दिशेची. २०२० चे तीन कृषी कायदे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले. सरकारने ते चर्चेविना रेटले हे खरं, पण आपल्याकडची मंडळीही ते गेल्यावर गप्प बसली, कारण मोकळ्या बाजाराची मनातून आपल्यालाही धास्ती आहे.

७. सरकार नसन तं तलाव-रस्ते कोन करन?

रस्त्याचं उत्तर माझ्याकडे बरं नाही. पांदण रस्ते लोकवर्गणीतून झालेले मी पाहिले आहेत, पण धुऱ्यावरून दोन भावांत कोर्टकज्जा लागला की वर्गणी तिथेच थांबते.

तलावाचं उत्तर मात्र पूर्व विदर्भात जमिनीवर पडलेलं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून, बरेचसे कोहळी समाजाच्या हातचे. पाळ कुठे घालायची, सांडवा किती उंच, कोणाच्या बांधीला पाणी आधी, हे गावाला ठाऊक होतं आणि गाळ काढणं गावच्या रीतीत होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून गाळ काढायचा कोणी हा प्रश्न फाइलीत आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते हेच दाखवल्याबद्दल: सामाईक तळं, जंगल, चराई लोक स्वतःच्या नियमांनी पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, सरकार आणि खासगी मालक यांच्या मधला तिसरा मार्ग असतो.

पण थांबा. तो गाळ काढणारे हात बऱ्याचदा वेठीचे होते. मालगुजाराने बोलावलं की जायचं. जुनी व्यवस्था सुरेख होती असं सांगणारा माणूस पाळीवर उभा राहणाऱ्यांपैकी असतो, टोपली उचलणाऱ्यांपैकी नसतो (प्रश्न ११).

वेठ नसलेलं उदाहरण हवं तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्याआधी आपल्याच जंगलातला बांबू विकायला वनखात्याचा पास लागायचा. गंमत अशी की हे स्वातंत्र्य २००६ च्या वनहक्क कायद्याने आलं, म्हणजे सरकारला बाजूला करायलाही कायदाच लागला.

८. पण मेंढा-लेखाने ग्रामदान करून जमीन गावाच्या नावे केली. हे तर उलटंच झालं ना?

वरवर तसं दिसतं. १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली त्यांनी २०१३ मध्ये तसं केलं. पण स्वतंत्रतावादाची कसोटी ‘मालकी एकाची की सगळ्यांची’ ही नाहीच. कसोटी आहे: स्वखुशीने केलं का आणि बाहेर पडता येतं का? नोझिकच्या चौकटीत साम्यवादी वस्तीलाही जागा आहे, फक्त कोणाला कोंडून ठेवायचं नाही. पहिली अट मेंढा-लेखाने पाळली. दुसरीचा कस पुढची पिढी लावेल, जेव्हा नागपूरला नोकरी करणारा नातू वाटा मागेल.

९. आपल्या वावरात कोणतं बियाणं पेरायचं हे सरकारने का ठरवावं?

ठरवू नये, असं माझं मत. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं एचटीबीटी कापूस बियाणं (तणनाशक फवारलं तरी ज्याचं पीक मरत नाही असं) उघडपणे पेरलं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षं कैद आणि एक लाख दंडाची तरतूद होती. निंदणाच्या मजुरीचा हिशेब ज्याने केलाय त्याला ते का पेरतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

बंदीने बियाणं थांबलं का? आमच्या तालुक्यात मे महिन्यात ‘चोर बीटी’ कुठे मिळतं हे पोरंसोरं सांगतात. पाकीट मिळतं, बिल मिळत नाही. गेल्या हंगामाच्या आदल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या चार एकरांत निम्मं उगवलंच नाही. बिल नाही, म्हणून ग्राहक मंच नाही. तक्रार करावी तर आधी स्वतःच गुन्हेगार. बंदीने विक्रेत्याला जबाबदारीतून सोडवलं, एवढाच तिचा परिणाम आम्ही पाहिला.

उलट बाजूला २०१७ चं यवतमाळ आहे. त्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. नियंत्रण नको म्हणणाऱ्याने त्या घरांत जाऊन बोलावं. मी म्हणेन की विष विकणाऱ्याने काय विकतोय ते स्पष्ट सांगणं आणि नुकसान भरून देणं ही फसवणूक रोखण्याचीच बाब आहे, प्रश्न १ मधल्या दंडुक्याची. पण फवारणारा बहुतेकदा वावराचा मालक नसतो, मजूर असतो. पाकिटावरची बारीक अक्षरं त्याने वाचून ‘निवड’ केली असं म्हणणं मला जमत नाही.

१०. रानडुक्कर अन् रोही (नीलगाय) पीक खाते. मारलं तर गुन्हा. यावर तुमचा वाद काय म्हणतो?

शेजाऱ्याची गाय वावरात शिरली तर कोंडवाडा आहे, भरपाई आहे. मग डुक्कर कोणाचं? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मालकासारखा हक्क सरकारने घेतला, मालकासारखी जबाबदारी अर्धवट. परवानगी काढून मारता येतं, कागदावर. अर्ज मंजूर होईपर्यंत तूर संपलेली असते. वाघाने माणूस मारला तर वारसाला २५ लाख मिळतात, पण पीक खाल्ल्याच्या पंचनाम्याला दिवस मोडून मिळणारी रक्कम मजुरीलाही पुरत नाही. म्हणून सगळे झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) लावतात. माझ्या वावराला लावलं की डुक्कर शेजारच्या वावरात जातं, त्याने लावलं की त्याच्या पलीकडे. शेवटी ज्याच्याकडे मशीनला पैसे नाहीत त्याच्या तुरीत सगळा कळप.

११. सरकार बाजूला झालं की पाटलाचं राज्य येईल. त्याचं काय?

हा प्रश्न एका सालदाराच्या मुलीने विचारला होता आणि रविवारची बैठक त्या दिवशी लवकर संपली.

डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये घटनेसाठी तयार केलेल्या निवेदनात हेच मांडलं होतं: सरकारपासून स्वातंत्र्य म्हणजे जमीनदाराला खंड वाढवण्याचं आणि मालकाला मजुरी पाडण्याचं स्वातंत्र्य. पुढच्याच वर्षी संविधान सभेत त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं. ज्याला पाणवठ्यावर शिवू दिलं नाही, त्याच्यावर सक्ती सरकारने केली नव्हती, गावाने केली होती. रोजगार हमीचं काम निघालं की आमच्या शिवारातली मजुरी वाढते, यावर आम्ही वावरवाले कुरकुरतो. ती कुरकुरच सांगते की त्या कामाने मजुराला ‘नाही’ म्हणता येतं.

यावर माझं उत्तर अर्धंच आहे. सक्ती जातीची असली तरी सक्तीच, आणि ती मोडायला कायद्याचा दंडुका वापरणं स्वतंत्रतावादात पूर्ण बसतं. पण ती मोडून झाल्यावरही एकाकडे चाळीस एकर आणि दुसऱ्याकडे दोन हात उरतात. एक गोष्ट मात्र कायद्याविना झालेली पाहिली आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत घरधन्यांनी स्वतःहून बायकोच्या नावे वावर केलं. आमच्या आईच्या नावे दीड एकर तसंच लागलं. बापाने तलाठ्याकडे जाताना शेजाऱ्याला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती म्हणे.

१२. दारूबंदीला विरोध करता का?

तत्त्वाने होय. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, वर्ध्यात ती जुनीच आहे. पिणाऱ्याचं शरीर त्याचं, पण त्याने मारलेल्या बायकोचं शरीर तिचं. बंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या बाया पोलिसांना ‘त्याला पिऊ देऊ नका’ म्हणत होत्या, कारण ‘त्याला मारू देऊ नका’ हे पोलीस ऐकत नव्हते. जागल्या झोपला की लोक कुंपणच मागतात.

१३. समृद्धीसारख्या महामार्गाला एकानेच जमीन नाकारली तर?

वळण घ्या किंवा त्याचा भाव द्या. समृद्धीत बरीचशी जमीन पाचपट मोबदल्याने थेट खरेदी झाली, म्हणजे भाव दिला की लोक देतात हे दिसलं. जे अडून राहिले त्यांच्यावर शेवटी संपादनाचा कायदा होताच, आणि तो पाठीशी असताना झालेला सौदा कितपत खुशीचा, हा प्रश्न राहतो. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला हे लक्षात ठेवा. पवनारपासून निघणाऱ्या शक्तिपीठ मार्गाच्या बैठकांत हेच पुन्हा सुरू आहे.

१४. एवढं चांगलं आहे तर निवडणुकीत काहून पडता?

राजुऱ्यातून शेतकरी संघटनेचे वामनराव चटप तीनदा आमदार झाले, म्हणजे अगदीच पडलो असं नाही. पण खरं कारण साधं आहे. साठामर्यादा उठली तर फायदा लाखोंना थोडाथोडा होतो, कोणाला कळतही नाही. योजना बंद झाली तर तोटा हजारांना ठळक होतो, आणि ते मोर्चा काढतात. उमेदवार ‘मी तुम्हाला काही देणार नाही, फक्त कोणाला घेऊ देणार नाही’ म्हणाला तर पाया कोण पडेल?

म्हणून मला पक्षापेक्षा एकेका कायद्यामागे लागणं पटतं. एकाधिकार असाच गेला. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली ती अशीच. किसानपुत्र आंदोलनाची मंडळी सीलिंग (जमीन किती ठेवता येईल याची मर्यादा), आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण या तीन कायद्यांवरच बोट ठेवून बसली आहेत. सीलिंगबद्दल माझं त्यांच्याशी जुळत नाही, कारण प्रश्न ११.

१५. अन् पीएम किसानचे पैसे घेता नं तुम्ही?

घेतो. केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे वेगळे. उणे सबसिडीचा हिशेब (प्रश्न ६) सांगून मी ते माझेच परत येताहेत असं म्हणू शकतो, आणि बैठकीत म्हणतोही. बायको म्हणते, घ्यायचे तर घ्या, भाषण कशाला. सध्या शेवटचा हप्ता अडकला आहे. आधारवर नाव एक आणि सातबाऱ्यावर बापाच्या नावाची वेलांटी वेगळी, म्हणून सोमवारी पुन्हा सेतू केंद्रात जायचं आहे.